बीअर आपल्याकडे येत नाही, आपण तिच्याकडे जायचं असतं



काशीत येऊन बीअरवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. पंचगंगा घाट, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आजही आहेत. त्यांच्यापैकी काही मंडळी समोर बसली आहेत. बाकीचे तुम्ही पुण्यात, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात किंवा आणखी कुठे तरी हा व्हिडिओ बघत असाल. सगळ्यांना आधीच सांगून टाकतो. जे पीत नाहीत त्यांनी प्यावं असं सुचवायला मी उभा राहिलेलो नाही. त्यांनी पिऊ नये, उत्तम आहे ते. माझा विषय आहे चव घेणं. ती घेण्यासाठी एखाद्या ठिकाणापर्यंत जाणं, आणि आपण असे गेल्यामुळे तिथे काय टिकतं, हे.

आणि या विषयासाठी बनारस ही जागा मला अगदी योग्य वाटते. कारण सांगतो. इथे थंडीत मलइयो मिळतो. ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी: दूध तापवून, गार करून रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. त्यात केशर, वेलची, साखर. कुल्हडात भरलेला तो पिवळसर फेस जिभेवर ठेवला की विरघळतो. ऊन चढलं की तो बसायला लागतो. उन्हाळ्यात तो मिळत नाही. डब्यात भरून पुण्याला नेता येत नाही. कितीही मोठी कंपनी आली तरी खरा मलइयो खायचा तर थंडीत, सकाळी, या गल्ल्यांमध्येच यावं लागतं. चव आपल्या दारात येत नाही. आपण तिच्या दारात जातो.

छोट्या, स्वतंत्र ब्रुअरीची बीअर अशीच असते. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. पुढे जे सांगणार आहे ते याचाच विस्तार.

आधी बीअर म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघू. चार गोष्टी लागतात: पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट. जव भिजवून मोड आणतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसंच. मोड आले की दाण्यातला स्टार्च फोडणारी द्रव्यं जागी होतात. मग ते दाणे वाळवतात, कमी-जास्त भाजतात. याला माल्ट म्हणतात. हलकं भाजलं तर बीअर सोनेरी, जास्त भाजलं तर तांबूस, आणि कॉफीच्या बीसारखं काळं भाजलं तर स्टाउट नावाची काळी बीअर. म्हणजे काळी बीअर 'कडक' असते हा समज चुकीचा आहे. काळेपणा भाजण्यातून येतो. नशा किती, हे साखर किती होती आणि त्यातली किती आंबली यावर ठरतं.

हा माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. स्टार्चची साखर होते. गोड पाणी गाळून घेतात आणि हॉप्स घालून उकळतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची फुलं. कडवटपणा त्यांचा, बराचसा सुवासही त्यांचाच. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात हॉप्सची लागवड झाली आहे, पण क्राफ्ट बीअरवाले बहुतेक हॉप्स परदेशातूनच आणतात. मग ते पाणी गार करून त्यात यीस्ट सोडायचं. ते साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि वायू तयार होतो. आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं, तेच काम.

आता यातली खरी गंमत. 'एल' प्रकारच्या बीअरचं यीस्ट २० अंशांच्या आसपास काम करतं आणि दोन-तीन आठवड्यांत बीअर तयार होते. 'लागर' प्रकारचं यीस्ट १० अंशांच्या आसपास, हळूहळू काम करतं. त्याला महिना-दीड महिना द्यावा लागतो. टाकी तेवढे दिवस अडकून पडते. छोट्या ब्रुअरीकडे टाक्या मोजक्याच असतात. म्हणून तिथे एल प्रकार जास्त दिसतात आणि चांगली लागर मिळाली तर समजावं, या माणसाने कमाईचे आठवडे सोडून वाट बघितली आहे.

आपल्या दुकानात मिळणारी बहुतेक बाटलीबंद बीअर लागर असते, आणि आपल्या देशात तर 'स्ट्राँग' लागरच जास्त विकली जाते. मोठ्या कारखान्याचं कौशल्य कशात असतं? बाटली नागपुरात उघडा नाहीतर कानपुरात, चव तीच लागली पाहिजे. हे सोपं काम नाही, त्याचा मान ठेवायला हवा. पण त्यासाठी बीअर गाळावी लागते, पाश्चराइज करावी लागते, महिनोन्‌महिने टिकवावी लागते. छोट्या ब्रुअरीत टाकी ते ग्लास हे अंतर कधी कधी वीस फुटांचं असतं. बीअर जिवंत असते, पंधरा दिवसांत संपवायची असते, आणि या वेळची बॅच मागच्या वेळेपेक्षा थोडी वेगळी असू शकते. घरचं ताक आणि पाकिटातलं ताक यांत जो फरक, तोच.

आता आपल्या माणसांकडे येऊ. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक, आणि बीअर बनवणारे ऑलिव्हर शाउफ हे जर्मन गृहस्थ. हे नाव ऐकून परदेशी वाटतं ना? ते आपल्या देवळालीचं आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडून असायचे. ऊन, कंटाळा, ताप. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत म्हण पडली, 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि वेडसर माणसाला नुसतं 'डूलाली' म्हणायला लागले. देवळालीचं नाव इंग्रजी शब्दकोशात गेलं आणि तिथून परत पुण्यात एका बीअरच्या नळावर आलं.

पुण्यात मग एकामागून एक ठिकाणं निघाली. २०१४ च्या सुमारास मुंढव्यात 'इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी', त्याच काळात 'एफिंगट'. 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने कोकणातलं कोकम घालून आंबट बीअर केली. २०१८ साली पुण्यातच 'मूनशाइन मीडरी' सुरू झाली. ती बीअर नाही करत, मध आंबवून 'मीड' करते. मुंबईच्या बाजूला 'गेटवे ब्रुइंग'ने डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत बीअर करून 'व्हाइट झेन' नावाची गव्हाची बीअर शहरभरातल्या नळांवर पोचवली. दक्षिणेत बंगळुरूने तर २०१० च्या 'टॉइट'पासून यात आघाडीच घेतली.

या सगळ्यात मला कोकमाची बीअर महत्त्वाची वाटते. जव बाहेरून येतो, हॉप्स बाहेरून येतात, पद्धत जर्मनीची नाहीतर बेल्जियमची. मग आपलं काय? युरोपात आंबट बीअरची परंपरा जुनी आहे, जर्मनीत 'गोझे' म्हणून मीठ आणि धणे घातलेली आंबट बीअर आहे. मीठ, धणे आणि आंबटपणा! सोलकढी पिऊन वाढलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. कोणी तरी तो धागा पकडला आणि कोकम घातलं. हे फॅशन म्हणून केलं तर दोन महिन्यांत विरतं. चव समजून केलं तर ती आपली होते.

आता प्रश्न येतो, ही बीअर बनारसला का मिळत नाही? पुण्याची चांगली बीअर काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला घरबसल्या का मिळू नये? एक कारण मघाशी सांगितलं, ती ताजी असते, टिकत नाही. दुसरं कारण कायदा. आपल्या राज्यघटनेत दारू हा राज्यांचा विषय आहे. बनवणं, वाहतूक, विक्री, कर, सगळं राज्याच्या हातात. त्यामुळे पुण्याच्या छोट्या ब्रुअरीला उत्तर प्रदेश हे जवळपास परदेशच. वेगळा परवाना, लेबलची वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क. मोठी कंपनी हे दहा राज्यांत करू शकते. ज्याच्याकडे सहा टाक्या आणि आठ माणसं आहेत तो एका राज्याची कागदपत्रं सांभाळता सांभाळता दमतो.

वयाचं उदाहरण घ्या. गोव्यात १८, उत्तर प्रदेशात २१, महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. शिवाय महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे दारू पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. दुसऱ्या राज्यातून महाराष्ट्रात चव घ्यायला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तर मग बीअर येत नसेल तर आपण जायचं. कामानिमित्त, लग्नकार्यानिमित्त आपण या शहरातून त्या शहरात जातच असतो. अशा वेळी एक संध्याकाळ राखून ठेवावी. आणि जायचं कसं, तेही सांगतो, कारण तिथे बसून नेहमीसारखी एक मोठी बीअर मागवली तर अर्धी मजा गेली.

पहिलं, गर्दीच्या वेळी जाऊ नका. शनिवारी रात्री नऊ वाजता तिथे संगीत इतकं मोठं असतं की स्वतःचं नाक सुद्धा ऐकू येत नाही! आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी किंवा संध्याकाळी लवकर जा. वाढणाऱ्या माणसाला वेळ असतो. नशीब असेल तर ब्रुअर स्वतः टाक्यांपाशी सापडतो.

दुसरं, सॅम्पलर मागा. चार-पाच छोटे ग्लास, साधारण शंभर-शंभर मिलिलिटरचे, एका लाकडी फळीवर मांडून देतात. चार ग्लास मिळून एका छोट्या बाटलीहून थोडी जास्त बीअर होते, आणि चार वेगळ्या चवी कळतात. दोघांनी मिळून एक फळी घेतली तर आणखी चांगलं.

तिसरं, क्रम. हलक्याकडून जडाकडे. आधी फिकट लागर किंवा गव्हाची बीअर, मग तांबूस, मग कडवट इंडिया पेल एल, शेवटी काळी स्टाउट. मिसळ खाऊन मग वरणभात खाल्ला तर वरणाची चव कळेल का? तसंच हे. आंबट बीअर असेल तर ती कडवट बीअरच्या आधी घ्या.

चौथं, घाई नको. आधी प्रकाशात धरून रंग बघा. गव्हाची बीअर गढूळच असते, तो दोष नाही. फेस बघा, टिकतो का लगेच बसतो. मग वास घ्या. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. ते सगळं यीस्ट करतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला आपल्या घरातल्या आंबवण्याच्या भांड्यांबद्दल नव्याने आदर वाटायला लागला. मग घोट घ्या, तोंडभर फिरू द्या आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात. बीअर चाखणारे सहसा थुंकत नाहीत, कारण गिळल्यानंतर मागे रेंगाळणारा कडवटपणा हा तिच्या चवीचाच भाग आहे. म्हणूनच घोट लहान हवा.

पाचवं, बर्फासारखी थंड बीअर मागू नका. फार थंडीने जीभ बधिर होते, वास दबतो. थंड असताना एक घोट घ्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. चांगली बीअर जरा कोमट व्हायला लागली की उलगडते. वाईट बीअर उघडी पडते. बरोबर साधं पाणी आणि फार तिखट-खारट नसलेलं काही तरी खायला ठेवा. मसाला शेंगदाणे नंतर.

आणि दोष ओळखायला शिका. लोणी वितळल्यासारखा वास आला तर बीअर घाईने काढली असेल किंवा नळ्या स्वच्छ नसतील. शिजवलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्यात कसर राहिली असेल. ओल्या पुठ्ठ्याची चव लागली तर ती जुनी झाली, हवा लागली. व्हिनेगरसारखी आंबट लागली, आणि ती आंबट बीअर नसेल, तर नको ते जिवाणू शिरले. हिरव्या बाटलीतल्या बीअरला कधी कधी कुबट वास येतो, तो हॉप्सवर उजेड पडल्याचा. म्हणूनच तर बहुतेक बाटल्या तपकिरी असतात.

दोष सापडला तर काय करायचं? हळू आवाजात, नीट सांगायचं. चारचौघांत मिरवायचं नाही, लगेच फोनवर शेरा लिहायचा नाही. चांगला ब्रुअर असेल तर तो ग्लास घेऊन स्वतः वास घेतो. त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळतं की तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.

प्रश्न विचारा. ही बॅच कधीची? यीस्ट कुठलं? पाण्याचं काय करता? मळी कुठे जाते? उरलेला चोथा, म्हणजे साखर काढून घेतलेला माल्ट, गुरांना चांगला लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो गोठ्यात जातो. एका ब्रुअरला मी विचारलं होतं, तुमचा दिवस जातो कशात? तो म्हणाला, "साहेब, धुण्यात." टाक्या धुणं, नळ्या धुणं, फरशी धुणं. बीअर बनवणं हे निम्म्याहून जास्त धुण्याचं काम आहे. जाहिरातीतला ब्रुअर दाढी कुरवाळत ग्लासकडे बघत असतो. खरा ब्रुअर गमबूट घालून उभा असतो.

आता 'स्वतंत्र' या शब्दाकडे येतो. मला वाटतं सगळ्यात मोठा प्रश्न तिथे आहे. स्वतंत्र म्हणजे छोटी एवढंच नाही. स्वतंत्र म्हणजे काय बनवायचं हे कोण ठरवतं. अमेरिकेत ब्रुअर्सच्या संघटनेने यासाठी नियमच केला आहे. दुसऱ्या मद्य कंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ती क्राफ्ट ब्रुअरी. हा नियम का लागला? कारण मोठ्या कंपन्यांनी नावं विकत घ्यायला सुरुवात केली. २०११ साली शिकागोची 'गूस आयलंड' जगातल्या सगळ्यात मोठ्या बीअर कंपनीने घेतली. बाटलीवर हंस तोच, निर्णय दुसरीकडे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अँकर ब्रुइंग'ची गोष्ट तर चटका लावणारी आहे. १८९६ पासूनची ब्रुअरी. १९६५ साली ती बंद पडायच्या बेतात होती. फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाला तिची बीअर आवडायची, म्हणून त्याने ती वाचवली. अमेरिकेतली क्राफ्ट बीअरची चळवळ तिथून सुरू झाली असं मानतात. २०१७ मध्ये ती जपानच्या 'सप्पोरो'ने घेतली आणि २०२३ मध्ये बंद केली. एका ग्राहकाच्या आवडीने जी वाचली, ती ताळेबंदाच्या एका ओळीत बंद झाली. पुढच्या वर्षी आणखी एका उद्योजकाने ती विकत घेतली. पण बंद झालेली भट्टी पुन्हा पेटवणं किती कठीण असतं, हे कुठल्याही कारखानदाराला विचारा.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. १९७१ साली चार इंग्रज मित्र आयर्लंडला सुट्टीवर गेले होते. इंग्लंडमध्ये तेव्हा सहा मोठ्या कंपन्यांनी पबमागून पब ताब्यात घेतले होते, आणि पिंपात मुरणारी पारंपरिक एल नाहीशी होत चालली होती. या चौघांनी ठरवलं, आपण ग्राहक म्हणून काही तरी करायचं. त्यातून 'कॅम्रा' ही संघटना उभी राहिली. त्यांनी चांगली बीअर मिळणाऱ्या पबची मार्गदर्शिका काढली, लोक ती हातात घेऊन फिरायला लागले. ब्रुअर वाचले ते सरकारी अनुदानाने नाही. लोक चालत त्यांच्यापर्यंत गेले म्हणून वाचले.

मला हे आपल्याकडे लागू वाटतं. आपल्या शहरांत छोटी ब्रुअरी कशाने मरते? परवान्याचं शुल्क, जागेचं भाडं, विजेचं बिल, हे सगळं आहेच. पण हळूहळू मरते ती आपल्या एका प्रश्नाने: "यातली सगळ्यात कडक कोणती?" रोज पन्नास जणांनी हाच प्रश्न विचारला की ब्रुअर काय करेल? कोकमाची टाकी बंद करेल, काळी बीअर वर्षातून एकदा करेल, आणि सगळ्या टाक्यांत तीच एक विकली जाणारी बीअर भरेल. मग नळ आठ आणि चव एकच. बाहेर पाटी 'क्राफ्ट'ची. तिला दोष देण्याआधी आपण काय मागितलं होतं ते आठवावं. उलट रोज दहा जणांनी विचारलं, "या महिन्यात नवीन काय केलंत?" तर त्या टाकीला अर्थ येतो.

आणि ही गोष्ट काही नवीन परदेशी हौस नाही. आपल्याकडेही गावोगावी ठिकाणाची, हंगामाची पेयं होती. गोव्यात काजूची बोंडं पिकली की उन्हाळ्यात ऊर्राक निघते. पहिल्या वाफेची, हलकी. हंगाम संपला की संपली. ती पुढे पुन्हा गाळली की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत मोहाची होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-मोहाचा कारभार सरकारी महसुलाला बांधला गेला, गावातलं गाळणं गुन्हा ठरत गेलं आणि मक्तेदार मोठे झाले. घरगुती दारूने घरं मोडली, हे खरं आहे. मक्त्याच्या दारूनेही मोडली, हेही तितकंच खरं. पण चवीचं जे ज्ञान लोकांच्या हातात होतं ते मात्र परत आलं नाही. आज पुण्यात कोणी कोकम घालून बीअर करतो, तेव्हा त्या तुटलेल्या धाग्याचं एक टोक तो हातात घेत असतो, असं मला वाटतं.

आता एक बोलणं कडू आहे, पण टाळणार नाही. अल्कोहोल शरीराला चांगलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं, की कमीत कमी सुरक्षित असं काही प्रमाण नाही. 'क्राफ्ट' लिहिलं म्हणून यकृताला वेगळं काही कळत नाही. हिशोब करून बघा. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बीअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे तिप्पट. चव घेणाऱ्याला चार छोटे ग्लास पुरतात, कारण पाचव्यापासून जीभ खरं बोलत नाही. ज्यांना आजार आहे, औषधं चालू आहेत, गरोदर आहेत, किंवा ज्यांना थांबता येत नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि गाडी चालवायची असेल तर एकही घोट नको. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिक्षाचं भाडं त्या मानाने फारच स्वस्त पडतं.

शिवाय जागेचं भान. घाटावर, देवळाच्या परिसरात बाटली घेऊन बसणं हे चव घेणं नाही. ज्या गावाला जे पावन आहे ते त्या गावाने ठरवलेलं असतं. पाहुण्याने ते पाळायचं. बनारसमध्ये चाखायला काही कमी आहे का? सकाळी कचोरी-जिलबी, थंडीत मलइयो, उन्हाळ्यात ठंडाई, मग लंगडा आंबा, आणि जेवणानंतर पान. बनारसी पान आणि लंगडा आंबा या दोघांनाही २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सरकारी परवान्याची भांगेची दुकानंसुद्धा इथे आहेत, पण तो वेगळा विषय, आणि ठंडाई मागताना "साधी" हा शब्द विसरू नका एवढंच सांगेन.

या शहराकडून मी एक गोष्ट शिकलो. इथला माणूस खाण्यापिण्याच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. अमुक गल्लीतल्या अमुक दुकानाचंच पान. त्यासाठी तो पंधरा मिनिटं चालत जाईल, रांगेत उभा राहील, पानवाल्याशी गप्पा मारेल, आणि चुना जास्त झाला तर सांगेल. दुकान टिकलं आहे ते या माणसामुळे. त्याला कोणी 'ग्राहक चळवळ' म्हणत नाही. तो फक्त त्याला हवी असलेली चव मागतो आणि ती बनवणाऱ्याला नावाने ओळखतो.

बीअर पिणाऱ्या मराठी माणसाने एवढंच करावं. पुण्यात गेलात, ठाण्यात गेलात, पणजीला किंवा बंगळुरूला गेलात, तर एक संध्याकाळ काढा. चार छोटे ग्लास मागा. बनवणाऱ्याला भेटा, नाव विचारा, आवडलं ते सांगा, बिघडलं असेल तेही सांगा. मग उठा, रिक्षा करा आणि घरी या. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच्या फळीवर एखादी अशी बीअर असेल जी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. ती तिथे असेल, कारण तुम्ही ती मागितली होती.